छोटं विमान घेऊन धंद्यासाठी फिरणं परवडेल का?



पुसेगावच्या बॅचमध्ये हळद पावडरचा धंदा सुरू करणाऱ्या एका मित्राने विचारलं, "सर, दोन सीटचं छोटं विमान मिळतं म्हणे. मुंबईचे ग्राहक गाठायला चालेल का?" सगळे हसले. मी म्हटलं, हसू नका, हिशोब मांडू.

१. जमतं का? हो, जमतं. या 'लाइट स्पोर्ट' विमानाला एक इंजिन आणि दोन सीट असतात. माणसं, पेट्रोल, सामान धरून उड्डाणाचं वजन साधारण ६०० किलोच्या आत. मुंबईच्या आरोही पंडित यांनी मे २०१९ मध्ये अशाच विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला. स्कॉटलंडहून निघून, आइसलँड आणि ग्रीनलंडला थांबे घेत त्या कॅनडात पोहोचल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये जेआरडी टाटांच्या १९३२ च्या टपाल उड्डाणाची आठवण म्हणून त्या भूजहून अहमदाबादमार्गे जुहूला आल्या. पेट्रोल लागलं ६० लिटरपेक्षा कमी!

२. माल किती जाईल? विमानाचं स्वतःचं वजन ३५० किलो धरा. दोन माणसं १५०, ६० लिटर पेट्रोल साधारण ४३. उरले ५७ किलो, म्हणजे हळदीचं एक पोतं. तुम्हाला स्वतःला उडवता येत नसेल, तर दुसरी सीट पायलटची.

३. वेळ किती वाचेल? नांदेड ते मुंबई सरळ रेषेत साधारण ४७० किलोमीटर. ताशी १८० ने अडीच तासांच्या थोडं वर. पण नांदेडपर्यंत रस्त्यानेच जायचं, आणि मुंबईत उतरल्यावर परत गाडी शोधायची.

४. ठरलेल्या तारखेला जाईल का? खरी मेख इथे आहे. अशी विमानं साधारणपणे दिवसा, समोरचं स्पष्ट दिसत असतानाच उडवतात. विक्रमासाठी निघालेला माणूस हवामान बघून दोन दिवस थांबू शकतो. तुमचा ग्राहक थांबत नाही. जुलैतल्या मंगळवारी अकरा वाजता सॅम्पल दाखवायचंय आणि ढग खाली उतरलेत, तर ऑर्डर दुसऱ्याची.

म्हणून माझं उत्तर: हौस असेल तर जरूर उडवा, पण धंद्याची तारीख त्यावर देऊ नका. तोवर रेल्वे नाहीतर रात्रीची ट्रॅव्हल्स बरी.

आजचा गृहपाठ: जे मशीन घ्यायचा विचार आहे, त्याला हाच चौथा प्रश्न विचारा. पल्व्हरायझर तासाला किती दळतो, हे विक्रेता सांगेलच. पण तुमच्याकडे थ्री फेज लाईट कधी असते आणि माल कोणत्या दिवशी पोचवायचाय, हे तुम्हीच वहीत लिहा. दोन्ही जुळलं, तरच ॲडव्हान्स द्या.