सायकलींची नोंदवही

एके काळी परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा गावांतून तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने असत. दुकानदाराजवळ एक वही असे. सायकलीचा क्रमांक, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची व परत आणल्याची वेळ एवढेच तीत लिहिलेले असे. भाड्याचा हिशेब चुकू नये, हा त्या वहीचा हेतू. परंतु तीच वही जरा निराळ्या नजरेने वाचली, तर बाजाराच्या दिवशी किती सायकली लागतात आणि दुकान केव्हा रिकामे होते, हेही तीतून कळे.

शहरांतील सार्वजनिक सायकल योजना हे त्याच धंद्याचे विस्तारलेले रूप होय. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये औंध भागात व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात अशा सायकली आल्या. पण काही वर्षांतच ती योजना मागे पडली. या योजनांत सायकल एका तळावरून घ्यावयाची आणि दुसऱ्या तळावर ठेवून निघून जावयाचे. सोय मोठी खरी, पण अडचणही तीतूनच उद्भवते. पॅरिस शहरात २००७ साली अशी योजना सुरू झाली. तेथे मोंमार्त्र नावाची टेकडी आहे. लोक सायकलीवरून उतार आनंदाने उतरत. चढ चढण्यास मात्र सहसा कोणी राजी नसे! वरचे तळ रिकामे, खालचे भरलेले. प्रत्येक फेरीचा आरंभ व शेवट यंत्रात नोंदला जात असल्याने ही ओढ कोठून कोठे आहे ते स्पष्ट दिसे. तेव्हा मोटारींतून सायकली वर नेण्याबरोबरच २००८ साली एक युक्ती योजण्यात आली. उंचावरील तळावर सायकल आणून ठेवणाऱ्यास पंधरा मिनिटे अधिक मोफत मिळू लागली.

नोंदी सर्व काही सांगतात, असे मात्र नव्हे. समजा, परभणी रेल्वे स्थानकाबाहेर वीस सायकलींचा एक तळ आहे आणि दुसरा कृषी विद्यापीठाच्या फाटकाशी आहे. सकाळची गाडी आली आणि आठच्या आत विसाही सायकली गेल्या. पुढे दहापर्यंत एकही नोंद नाही. कारभारी वही पाहून म्हणेल, "वीस पुरेत, आठनंतर येथे कोणी येत नाही." पण कोणी आलेच नाही, की येऊन, रिकामा तळ पाहून, मुकाट्याने पायी चालू लागले? न मिळालेल्या सायकलीची नोंद यंत्र करीत नाही. ज्या वस्तीत तळच नाही, तिच्या वाट्याला तर वहीत एक ओळही येत नाही.

म्हणून जाणता कारभारी फेऱ्यांबरोबर तळ किती वेळ रिकामा होता, तेही मांडतो. तो वेळ वगळून, सायकली उभ्या असताना तासाला किती उचलल्या गेल्या, ते पाहतो. एखादा आठवडा तेथे माणूस उभा करून परत फिरणाऱ्यांची संख्या लिहून घेतो. मग विसांच्या जागी तीस सायकली ठेवतो. त्या तीसही आठच्या आत संपल्या, तर जुन्या वहीतील 'वीस' हा आकडा लोकांच्या गरजेचा नसून केवळ सायकलींच्या संख्येचा होता, हे त्याच्या ध्यानात येते.