हाक की फेरी? संगणकातलं 'पोलिंग' समजून घेऊया



दुसरीच्या वर्गात गणितं घातली की काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. "बाई, झालं!" "बाई, माझी वही बघा ना!" दोन-चार मुलं आली तर लगेच तपासून होतं. पण सगळा वर्ग टेबलाभोवती जमला, की प्रत्येकाला "थांब रे जरा" म्हणण्यातच तास संपतो. माझे असे कितीतरी तास गेले आहेत. गंमत म्हणजे संगणकालाही हीच अडचण येते.

हाक म्हणजे इंटरप्ट

नेटवर्क कार्डावर माहितीचं पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला हाक मारतं. प्रोसेसर हातातलं काम थांबवून तिकडे बघतो. या हाकेला 'इंटरप्ट' म्हणतात. पॅकेटं कमी असतील तर ही पद्धत उत्तम. पण सेकंदाला लाखभर पॅकेटं आली तर? प्रोसेसर नुसता 'ओ' देत राहतो. घेतलेली पॅकेटं पुढे पोचवायला वेळच उरत नाही, शेवटी ती टाकून द्यावी लागतात. संगणक बंद पडलेला नसतो, तो प्रचंड धावपळ करत असतो. काम मात्र शून्य! याला 'लाइव्हलॉक' म्हणतात. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये यावर शोधनिबंध मांडला होता.

फेरी म्हणजे पोलिंग

यावर उपाय आपलाच! "जागेवर बसा, मीच येते" असं सांगून बाईंनी वर्गात फेरी मारायची. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये लुईजी रिझ्झो यांनी ही सोय केली. ती अशी लावतात:

१. कर्नेल म्हणजे सिस्टिमचा गाभा. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'डिव्हाइस पोलिंग' हा पर्याय लिहून कर्नेल नव्याने तयार करायचा.

२. घड्याळाचे ठोके, म्हणजे 'एचझेड', सेकंदाला १००० ठेवायचे. मग दर मिलिसेकंदाला एक फेरी होते.

३. ज्या कार्डासाठी हवं, त्यापुरतंच पोलिंग सुरू करायचं. त्या कार्डाच्या हाका मग बंद होतात. कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय असावी लागते, हे आधी तपासा.

४. एका फेरीत एका कार्डाकडून जास्तीत जास्त किती पॅकेटं घ्यायची, याची मर्यादा मुळात १५० असते. आता गुणाकार करा: १५० × १००० = सेकंदाला दीड लाख. १०० मेगाबिटच्या जाळ्यावर सर्वांत लहान पॅकेटं सेकंदाला सुमारे १,४८,८०० येऊ शकतात. म्हणजे आकडा उगाच ठरवलेला नाही!

५. प्रोसेसरचा काही वेळ बाकीच्या प्रोग्रामसाठी राखून ठेवायचा. हा वाटा मुळात ५० टक्के असतो. मला हीच सेटिंग सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तपासणी कितीही असो, शिकवण्याचा वेळ राखलेला हवाच ना?

मग हाका कायमच्या बंद?

नाही. फेरीची वाट बघावी लागते, म्हणून पॅकेटाला थोडा उशीर होतो. शिवाय कुणाचंच झालेलं नसताना मारलेली फेरी फुकटच जाते. म्हणून लिनक्सने मधला मार्ग काढला, त्याचं नाव 'नापी'. पहिली हाक ऐकायची, मग हाका बंद करून फेऱ्या मारायच्या. गर्दी ओसरली की पुन्हा हाका सुरू. आपल्या अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सचाच आहे बरं का!

वर्गात करून बघा

एका मुलाला 'प्रोसेसर' करून बेरजा सोडवायला द्या. बाकीच्यांनी त्याला चिठ्ठ्या द्यायच्या. पहिली पाच मिनिटं प्रत्येक चिठ्ठीला पेन्सिल खाली ठेवून चिठ्ठी वाचायची. पुढची पाच मिनिटं दर मिनिटाला एकदाच, जास्तीत जास्त पाच चिठ्ठ्या घ्यायच्या. दोन्ही वेळच्या बेरजा मोजा. फरक का पडला, ते मुलांनाच सांगू द्या.

पालकहो, अभ्यासाला बसलेल्या मुलाला आपण तासाभरात किती हाका मारतो, तेही एकदा मोजून बघा!