मंडळीचें गायन : पुण्याच्या देवळांवरून एक धडा

शास्त्रभाग : १ इतिहास २५:१-८, मार्क १४:२६, १ करिंथ १४:१५.

दाविदानें परमेश्वराच्या सेवेची व्यवस्था लाविली तेव्हां आसाफ, हेमान व यदूथून यांच्या पुत्रांस त्यानें गायनासाठीं वेगळें नेमिलें. शिकून तयार झालेल्या त्या गायकांची संख्या २८८ होती, आणि गुरु व शिष्य, थोर व लहान, सर्वांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकूनच ठरविल्या. ह्यावरून दोन गोष्टी कळतात. देवाच्या घरांतील गाणें शिकावें लागतें. आणि त्या सेवेंत लहानथोर असा भेद नाहीं.

पश्चिमेकडील ख्रिस्तमंडळ्यांनीं ही गायकमंडळी, म्हणजे क्वायर, शतकानुशतकें जोपासिली. तिची रीत अशी कीं, चार प्रकारचे आवाज एकाच वेळीं चार निरनिराळ्या चाली गातात. स्त्रियांचा किंवा मुलांचा उंच आवाज तो सोप्रानो, त्याखालचा अल्टो. पुरुषांचा उंच आवाज टेनर आणि खर्जाचा तो बास. चारी मिळून एकच नाद उठतो. त्यांतील एकानें आपला गळा दाखविण्यासाठीं आवाज चढविला कीं सर्वांचें गाणें बिघडतें. म्हणून गाण्याइतकेंच दुसऱ्याचें ऐकण्यासही तेथें शिकवितात.

पुण्यास ही रीत इंग्रजांच्या छावणीबरोबर आली. लष्कर भागांतील सेंट मेरीज देवालयाचें समर्पण १८२५ सालीं बिशप रेजिनाल्ड हेबर यांनीं केलें. हे हेबर स्वतः गीतकार होते. पवित्र त्रैक्यावरील त्यांचें गीत आज जगभर गातात. त्याची प्रसिद्ध चाल मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १८६१ सालीं, डाइक्स नामक संगीतकारानें बांधिली. पुढें १८८५ सालीं शहराच्या पेठेंत पंचहौदाचें पवित्र नाम देवालय उभें राहिलें. छावणीच्या देवळांत गोरे शिपाई व अंमलदार आपल्या भाषेंत गात. पेठेंतील मंडळीपुढें प्रश्न वेगळा होता. मराठी माणसानें देवाची स्तुति कोणत्या सुरांत करावी?

आरंभीं पुष्कळ मराठी गीतें विलायती चालींत बसविलीं गेलीं. त्यांत एक अडचण होती. विलायती चालीचा ठोका ठराविक जागीं पडतो. तेथें मराठीचें ऱ्हस्व अक्षर आलें तर तें ओढून दीर्घ करावें लागतें, आणि शब्द ओळखेनासा होतो. शिवाय आपलें गाणें एका षड्जावर उभें असतें. तंबोरा तोच सूर धरून राहतो व गळा त्याभोंवतीं फिरतो. चार आवाजांच्या गायनांत स्वरांचे मेळ पावलोपावलीं बदलतात. दोन्ही रीती चांगल्या. परंतु एकीचे नियम दुसरीला लावितां येत नाहींत.

अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं देशी चालींवर गीतें रचून वाट दाखविली. नंतर १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले कवि नारायण वामन टिळक यांनीं अभंग, ओवी व भजन हीं ख्रिस्ताच्या चरणीं वाहिलीं. ते १९१९ सालीं प्रभूकडे गेले. परंतु त्यांचीं गीतें खेड्यापाड्यांत अक्षरशून्य माणसांच्याही तोंडीं राहिलीं. टिळकांचें चरित्र इंग्रजींत लिहिणारे फादर विन्स्लो यांनीं १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ स्थापिला, आणि संघाचा आश्रम पुढें पुण्यास आला. ह्या संघानेंही उपासनेला देशी वळण देण्याचा प्रयत्न केला.

आतां आपल्या मंडळीकडे वळूं. पुण्यासारख्या शहरांत १९२९ सालीं पर्वतीच्या मंदिरांत शिरण्यासाठीं अस्पृश्य मानलेल्या लोकांस सत्याग्रह करावा लागला. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या आज्यापणज्यांनीं दुसऱ्यांचें भजन वेशीबाहेर उभें राहून ऐकिलें. प्रभूनें त्यांस आपल्या घरांत बोलाविलें तें मुक्यानें बसण्यासाठीं नव्हे. म्हणून जेव्हां चार शिकलेले तरुण पेटीभोंवतीं बसून नवीं गीतें गातात, आणि वाचतां न येणारी म्हातारी मागें तोंड मिटून बसते, तेव्हां आपण आपल्याच देवळांत एक नवी वेस बांधीत नाहीं काय?

ह्याचा अर्थ गायकमंडळी नको असा नव्हे. जेथें शिकविणारें कोणी नसतें तेथें गाणें बेसूर होतें व शेवटीं बंद पडतें. गायकमंडळी असावी, पण तिनें मंडळीच्या ऐवजीं न गातां मंडळीला गावयास लावावें. उपदेशकांनीं पुढील गोष्टी करून पाहाव्या :

१. महिन्यास एकच नवें गीत घ्यावें. प्रथम शब्द म्हणवून अर्थ सांगावा, चाल मागून.

२. सूर इतकाच उंच धरावा कीं वृद्धांनाही तो गांठतां येईल.

३. गाणाऱ्यांनीं एका कोपऱ्यांत न बसतां लोकांमध्यें विखरून बसावें.

४. टाळमृदंग लाजेचे मानूं नयेत, व विलायती चालही परकी म्हणून टाकूं नये. शब्द स्पष्ट राहतात कीं नाहीं एवढें पाहावें.

धरून दिला जाण्याच्या रात्रीं प्रभु आपल्या शिष्यांसह स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेला. त्या खोलींत कोळी होते, जकातदार होता. शिकलेला गवई कोणी असल्याचें शास्त्र सांगत नाहीं. तरी ते सर्व गायिले, आणि प्रभु त्यांच्यांत गायिला.

विचारासाठीं प्रश्न : (१) दाविदानें गायकांच्या पाळ्या चिठ्ठ्यांनीं कां ठरविल्या असतील? (२) आत्म्यानें आणि बुद्धीनेंही गाणें म्हणजे काय? (३) गेल्या रविवारीं आपल्या देवळांत कोण गप्प बसलें होतें, आणि कां?