हळद, कुंकू आणि त्वचा

सावद्याच्या परिसरात लग्नघरी वधूवरांस हळद लागते, श्रावणात कानबाईपुढे हळदकुंकू वाहिले जाते. त्यामुळे हा पाठ शिकविण्यास सामग्री शोधावी लागत नाही.

हळद हे जमिनीखाली वाढणारे खोड होय, मूळ नव्हे. मुलांची येथे हमखास चूक होते. तिचा पिवळा रंग करक्युमिन या द्रव्याचा असतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या कागदावर शिक्षकांनी स्वतः चुन्याची निवळी टाकावी. कागद तांबडा होतो; लिंबाचा रस पडताच पुन्हा पिवळा होतो. मुले टाळ्या वाजवतील आणि हळद शुद्ध आहे असेही म्हणतील. तेथेच त्यांना थांबवावे. मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट मिसळलेली हळदही अशीच तांबडी होते. लेड क्रोमेटातील शिसे पोटात गेल्यास मुलांच्या मेंदूस अपाय होतो.

पूर्वी हळकुंडांवर लिंबाचा रस व टाकणखार यांची प्रक्रिया करून कुंकू तयार होई. आज बाजारातील पुष्कळ कुंकवात कृत्रिम रंग असतात. त्यांनी काहींच्या कपाळी खाज सुटते, काळसर डाग उमटतो. काही टिकल्यांच्या डिंकातील रसायनाने तर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. असा डाग असलेली मुलगी वर्गात आली की इतर मुले कुजबुजतात. हा डाग संसर्गाने पसरत नाही, हे शिक्षकांनी त्याच दिवशी वर्गास सांगावे. टिकली बंद करून त्वचारोगतज्ज्ञांस दाखविण्याचा सल्ला मातेस एकांतात द्यावा.

हळदीच्या गुणांविषयीही शिक्षकांनी तारतम्य ठेवावे. जखमेवर हळद लावण्यासाठी अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून हरकत घेतली व १९९७ मध्ये ते रद्द झाले. अभिमानाची गोष्ट खरी. परंतु त्यातून हे ज्ञान नवे नाही एवढेच सिद्ध झाले. करक्युमिनने दाह कमी होतो असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्वचेवरील उपयोगाचा पुरावा अद्याप तोकडा आहे.

केळीच्या बागेत कोयत्याने बोट कापले की डब्यातील हळद दाबतात. ती निर्जंतुक नसते. जखम स्वच्छ पाण्याने धुवावी व धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांस विचारावे. निरोगी त्वचेस हळद सहसा बाधत नाही, तरी क्वचित कोणास खाज सुटते. म्हणून उटणे प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडे लावून दोन दिवस पाहावे. बिब्बाही झाडाचाच; त्याच्या तेलाने कातडीस फोड येतात, हे खानदेशातील मुलांस वेगळे सांगावे लागत नाही.