शाळा सोडल्याचा दाखला काढण्याआधी

आयपीएलचा हंगाम आणि दहावीचे निकाल मागेपुढेच येतात आणि समुपदेशकांकडे दरवर्षी तोच प्रश्न येतो: पोराचा हात चांगला आहे, शाळेतून काढून पूर्णवेळ अकॅडमीत घालू का? उत्तर स्पष्ट आहे. घालू नका.

खेळाडूंसाठीचं पाच टक्के आरक्षण, बी.पी.एड., फिजिओथेरपी या वाटा पालकांना ठाऊक असतात. प्रशिक्षकपदाचा विचार मात्र कुणाच्या मनात येत नाही; आलाच तर ‘खेळात जमलं नाही म्हणून’ असा. हा समज घातक आहे. का, ते बेसबॉलमधल्या एका उदाहरणातून कळतं.

आपल्याकडे क्रिकेटचं जे वेड, ते व्हेनेझुएलात बेसबॉलचं. ओकुमारे देल तुयचा ओझी गियेन १९८० मध्ये, सोळाव्या वर्षी, अमेरिकी क्लबशी करारबद्ध झाला. असे करार झालेली कितीतरी मुलं मेजर लीगपर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेपर्यंत, पोचतच नाहीत. गियेन पोचला. १९८५ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून खेळताना तो सर्वोत्तम नवोदित ठरला. पण सोळा हंगामांत त्याचे होमरन अवघे २८! त्याची जागा शॉर्टस्टॉपची, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली. चेंडू कुठे येईल हे तिथे आधीच ताडावं लागतं. त्याची खरी कमाई ही नजर होती.

निवृत्तीनंतर तो थेट मॅनेजर, म्हणजे बेसबॉलमधला मुख्य प्रशिक्षक, झाला नाही. आधी मॉन्ट्रियल, मग फ्लोरिडा, अशी तीन वर्षं त्याने सहायक म्हणून काढली. २००४ मध्ये व्हाइट सॉक्सची सूत्रं हाती आली आणि पुढच्याच वर्षी संघाने ८८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली. त्या मालिकेच्या पहिल्याच सामन्यात आठव्या डावात आघाडी एका धावेची, प्रतिस्पर्ध्याचे दोन धावक बेसवर. गियेनने बुलपेनकडे, म्हणजे राखीव पिचर (चेंडू टाकणारे) तयारी करतात तिकडे, बघत दोन्ही हात रुंद पसरले, उंच नेले: तो लांबरुंद गडी पाठवा. बॉबी जेंक्स आला आणि त्याने सामना राखला. कुठला माणूस कधी लागेल, हे त्या क्षणी सुचायला वीस वर्षं खेळ वाचावा लागतो.

आपल्याकडचे चंद्रकांत पंडितही खेळाडू म्हणून पाचच कसोटी खेळले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी विदर्भाला लागोपाठ दोनदा आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशाला पहिल्यांदा रणजी करंडक मिळवून दिला.

पालकांनो, सामना संपल्यावर ‘किती धावा काढल्यास?’ एवढंच विचारू नका. कर्णधाराने स्लिप का काढली, ते विचारा. मुलगा रंगून सांगू लागला तर त्याच्यातला प्रशिक्षक ओळखा आणि त्याला शिकू द्या. पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाची पदविका आहे. तिला साधारणपणे पदवी लागते. आठवीत दाखला काढलेल्या मुलाला ते दार बंद होतं.

या पेशात बोलणंही तोलून करावं लागतं. २०१२ मध्ये गियेन मायामीच्या संघाचा मॅनेजर होता. क्यूबन निर्वासितांच्या या शहरात तो क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोबद्दल कौतुकाने बोलला. पाच सामन्यांचं निलंबन झालं, जाहीर माफी मागावी लागली. संघ ९३ सामने हरला आणि हंगामाअखेर नोकरी गेली. पुढे तो मायदेशातल्या लीगकडे वळला. २०२४ मध्ये, साठाव्या वर्षी, त्याने ला ग्वायराच्या संघाला ३८ वर्षांनी विजेतेपद मिळवून दिलं. पाठोपाठ कॅरिबियन सिरीजही जिंकली, तीही मायामीत, त्याच्या जुन्या संघाच्याच मैदानावर.