अधिकर्ष : सवलत आणि जबाबदारी

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. परंतु व्यवसायात माल आधी घ्यावा लागतो आणि पैसा मागाहून येतो. अशा वेळी खात्यातील शिलकीपेक्षा अधिक रक्कम काढण्याची जी मुभा बँक देते, तिला अधिकर्ष किंवा ओव्हरड्राफ्ट म्हणतात.

समजा, जबलपूरजवळील भेडाघाट येथे संगमरवरी मूर्ती विकणाऱ्या दुकानदाराला बँकेने १,००,००० रुपयांची मर्यादा मंजूर केली. हंगामापूर्वी त्याने ४०,००० रुपये उचलले व ३० दिवसांनी भरले. वार्षिक १२ टक्के दराने व्याज सुमारे ३९५ रुपये होईल. व्याज मंजूर मर्यादेवर नव्हे, तर उचललेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचे आकारले जाते.

परतफेड लांबली तर व्याजावर व्याज चढते. दंडशुल्कही लागू शकते. बाकी सलग ९० दिवस मर्यादेपेक्षा अधिक राहिल्यास किंवा तेवढ्या काळात खात्यात काहीच जमा न झाल्यास बँक ते खाते अनुत्पादक ठरवते. पतमाहिती संस्थांकडे त्याची नोंद होते व नवे कर्ज मिळणे कठीण होते. २० लाख रुपये किंवा त्याहून मोठ्या थकबाकीसाठी बँक जबलपूर येथील कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागू शकते.

म्हणून अडचण आल्यास बँकेला टाळू नये. मुदत संपण्यापूर्वीच व्यवस्थापकांना भेटून लेखी कळवावे.

पाठगत प्रश्न
१. अधिकर्षावरील व्याज कोणत्या रकमेवर आकारले जाते?
२. वरील दुकानदाराने २०,००० रुपयेच उचलले असते, तर व्याज किती झाले असते?