ॲस्ट्रॉनॉमी, ज्योतिष आणि खगोल

मागच्या रविवारी अभ्यासवर्गात इंदूरच्या एका ताईंनी घरची अडचण सांगितली. मुलीला एम.एस्सी.ला ॲस्ट्रॉनॉमी घ्यायची आहे आणि आजोबा अडून बसलेत. म्हणतात, "ज्योतिष शिकायला पुण्याला कशाला? आपले जोशीबुवा काय वाईट आहेत?" सगळे हसले. पण आजोबांचं कितपत चुकलं, हे बघायला आपण शब्दच उघडून पाहू.

ॲस्ट्रॉनॉमी हा मूळचा ग्रीक शब्द. आस्त्रॉन म्हणजे तारा, नोमोस म्हणजे नियम. दोन्ही मिळून ताऱ्यांचा नियम. (नोमोस आणि आपला 'नियम' कानाला सख्खे वाटतात, पण नातं नाही बरं का. नियम 'यम्' धातूचा, आवरणे या अर्थाचा. नोमोसच्या मुळाशी वाटून देणे आहे.) लॅटिन, जुनी फ्रेंच असं करत तो इंग्रजीत आला. त्याचा भाऊ ॲस्ट्रॉलॉजी. आज एकाकडे आकाशाचं गणित आणि दुसऱ्याकडे भविष्य, अशी वाटणी आहे. ती फार जुनी नाही. युरोपात कित्येक शतकं हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत. ग्रहगतीचे नियम शोधणारा केप्लर पत्रिकाही मांडून देत असे!

आता आपल्या घरात या. ज्योतिष शब्द 'ज्योतिस्' म्हणजे तेज यावरून आला. आकाशातल्या तेजांचं शास्त्र ते ज्योतिष, सहा वेदांगांपैकी एक. लगधाच्या वेदांगज्योतिषात काय आहे? यज्ञाची वेळ ठरवण्याचा हिशेब. पाच वर्षांचं एक युग, त्यात १८३० दिवस आणि ६२ चांद्रमास. नक्षत्रं आहेत, पण मेष, वृषभ या राशी नाहीत. मग पत्रिका कुठून असणार?

पुढे या शास्त्राचे तीन स्कंध झाले. सिद्धांत म्हणजे ग्रहगणित, संहिता म्हणजे शकुन, पाऊसपाणी वगैरे, आणि होरा म्हणजे जातक. यातला होरा शब्द मोठा गमतीचा. ग्रीक 'होरा' आणि इंग्रजी 'अवर' त्याचेच नातेवाईक. वराहमिहिराने मात्र बृहज्जातकात काहींचं मत नोंदवलंय, की अहोरात्र शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गळून होरा उरला. करून बघा, उरतो खरा! तरी शब्द ग्रीकांकडून आला, हेच आम्हाला पटतं.

ज्योतिष म्हटलं की लोकांना हा तिसरा स्कंधच आठवतो, आणि पहिल्याला वेगळं नाव लागतं. ते खगोलशास्त्र. ख म्हणजे आकाश. खग म्हणजे आकाशात जाणारा, पक्षी. आकाशाचा गोल तो खगोल. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत (शके १०७२, इ.स. ११५०) गोलाध्याय असा स्वतंत्र भागच आहे. तिथे खगोल वेगळा आणि भगोल वेगळा. 'भ' म्हणजे नक्षत्र. क्षितिजाशी बांधलेला, न फिरणारा तो खगोल आणि त्याच्या आत फिरणारा नक्षत्रांचा तो भगोल. म्हणजे काटेकोर भाषांतर करायचं तर ॲस्ट्रॉनॉमीला 'भ'चं शास्त्र म्हणावं लागेल. पण कोण म्हणणार! रूढ झालं ते झालं.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ चा मराठी ग्रंथ पुष्कळांनी नाव पाहून उघडला असेल. राशिभविष्याच्या आशेने उघडलेल्याला आत ग्रहगणित आणि ग्रंथांचे काळ यांचीच पानंच्या पानं लागतात. दीक्षितांनी शब्द त्याच्या जुन्या, पूर्ण अर्थाने वापरला.

तर ताईंना आम्ही सुचवलं, की आजोबांना "हे ज्योतिष नाही" म्हणू नका, त्यांना पटणार नाही आणि शब्दाच्या हिशेबाने ते खरंही नाही. म्हणा, नात पहिला स्कंध शिकणार आहे, तिसरा नव्हे. जमलं तर उज्जैनला जयसिंहाच्या वेधशाळेत घेऊन जा, इंदूरहून लांब नाही. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करून घेतली. तिथल्या यंत्राच्या सावलीवर वेळ वाचू द्या त्यांना.

काल ताईंचा निरोप आला. आजोबा जायला तयार आहेत, फक्त निघायचा मुहूर्त जोशीबुवांना विचारून.